गोन्या पाडनारी बाई

माजा जल्म खाडीवरचा, उरनच्या वाटंला गाव, नाव सांगून काय करायचं, आता तिथं रस्त्यावर रस्ते चढलेत, माजं मलाच घर घावायचं नाय. तवा समोर नुसती मिठागरं होती. बाप आगरात, आई आगरात, मंग मी कुठं जानार, मी पन आगरात. चौथी शिकली मी, वाचता येतं, सही करते, अंगठा नाय उटवत, हे आदीच सांगून ठेवते, नायतर लोकांना वाटतं कारखान्यात गोन्यांना खळ लावनारी बाई म्हंजे अडानी. तर मीठ. ओलं मीठ टोपलीत भरून डोक्यावरनं वाहायचं, त्याचं पानी मानेवरनं पाठीवर उतरायचं आनि अशी आग व्हायची का बस, पन त्याचं कोनाला काय वाटायचं नाय, भ्या वाटायचं ते एकाच गोष्टीचं, मीठ भिजायचं. रास झाकायची राहिली आनि वरनं पानी पडलं का खलास, सगळ्या घराची मेहनत विरघळली. बाप बांदावर उबा राहून वरडायचा, झाका गं पोरींनो, कोरडं ठेवा, कोरडं ठेवा. ओलं ते वाईट, कोरडं ते चांगलं, हे माज्या अंगात असं मुरलं ना ताई, का पुढं त्याच्यापायीच मी बारा बायकांच्या पोटावर पाय देनार होती. ते सांगते, जरा दम धरा.

लगीन होऊन विचुंब्याला आली. आता तुमी बगता ते विचुंबं येगळं, नुसत्या इमारती, मी आली तवा भाताची शेतं होती. नवरा रिक्षा चालवायचा नवीन पनवेलला, अजून चालवतो, गुडघे गेले तरी हँडल सोडत नाय. पोरं शाळंत जायला लागली आनि मला घरात बसवेना, मला कामाची सवय, रिकामी बसली का मी भांडनं काढते, हे तोच सांगतो सगळ्यांना. शेजारची काशी तळोज्याच्या बाजूला एका कारखान्यात जायची, ती बोलली चल माज्यासंगं, गोन्या बनवायच्या हायत, कागदाच्या. मी हसली. कागदाची गोनी? त्यात काय भरनार, कुरमुरे?

आनि जाऊन बगते तर काय सांगू तुमाला, पंचवीस किलो माल राहतो त्या कागदात. जाडजूड खाकी कागद, एकावर एक तीन थर, मशीनवर त्याची लांब नळी व्हायची, ती कापून आमच्या टेबलावर यायची, आनि आमी बारा बायका तिचं बूड दुमडायचो, खळ लावायचो, वर पट्टी चिकटवायचो, दाबायचो. खळ हातावर वाळली का चामडी ओढायची. पाच-सहा वरसं मी हेच केलं आनि मला कदी इचार आला नाय का बूड असंच का दुमडायचं. सांगितलं तसं केलं. गोनी कोनीतरी डोक्यातनं काढलेली असते, आदी तिचं चित्र काढतात, मोजमाप करतात, हे मला ठावकच नवतं. मला वाटायचं गोनी ती गोनी, पयल्यापासनं अशीच हाय.

मंग नसरीन आली. आदी नसरीन मॅडम बोलायचो. पनवेलच्या मोहल्ल्यातली पोरगी, बापाचं भांड्यांचं दुकान, मुंबईला जाऊन हे पॅकिंगचंच शिकलेली, म्हंजे याचं पन कालिज असतं बगा. एवढीशी होती, डोक्यावर ओढनी, हातात कायम मोजपट्टी. शेठनं तिला गोन्यांचं डिझाईन करायला ठेवली. आमाला वाटलं वरती काचेच्या खोलीत बसंल, रेघा मारंल. तर पयल्या दिवशी ती सरळ आमच्या टेबलावर येऊन बसली, बाह्या वर केल्या आनि खळीत हात घातला. चार गोन्या केल्या, चारी वाकड्या. काशी हसली तर ही पन हसली, बोलली दुमडताना अंगठा इथं लागतो होय, माझ्या चित्रात अंगठा नव्हताच. दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन हमालांना इचारायला लागली, दादा, तुम्ही गोणी कुठं धरता, कोपऱ्याला की पोटाला, उतरवताना कशी टाकता, आणि रागात असलात तर कशी टाकता? त्यांना आजवर असं कोनी इचारलंच नवतं, ते लागले करून दाखवायला. ही बोलली मला द्या खांद्यावर. नको नको म्हनेपर्यंत घेतली आनि गोनीसकट खाली बसली फतकल मारून. पन उठल्यावर आदी काय केलं माहीत हाय? कपडे नाय झाडले, वहीत लिवलं. असली पोरगी मी बगितली नवती हो.

जेवायच्या सुट्टीत आमच्यातच डबा खायची, तिच्या आईच्या हातची सांदनं आमी सगळ्यांनी खाल्लीत, आनि खाताखाता ती गोनीचं सांगायची, पेपरच्या कागदाची बारकी गोनी करून दाखवायची. मला ती मावशी बोलायला लागली होती तवर. बोलली मावशी, गोणीचं तोंड शिवलं की सुईची भोकं राहतात, बारीक पावडर तिथून गळते, म्हणून आपण तोंड शिवायचंच नाही. कोपऱ्यात एवढंसं तोंड ठेवायचं, त्यात नळी घालून माल भरायचा, आणि गोणी भरली की आतला मालच त्या तोंडाला आतून दाबून बंद करतो. मी घरून तांदूळ नेले आनि भरून बगितलं. खरंच बंद! उलटी केली तरी दाना पडंना. अगं बया, मी बोलली, हे कोनाच्या डोक्यातनं आलं! मंग तिनं सांगितलं का माल भरताना हवा पन आत शिरते, ती बाहेर नाय पडली तर गोनी फुटते, म्हनून आतल्या कागदाला भोकं असतात, इतकी बारीक का हवा जाईल, पावडर नाय जानार. हवा बाहेर गेली पायजे, माल आत राहिला पायजे, पडली तरी फुटायची नाय, आनि हे सगळं कमीत कमी कागदात. एकाला खूश करायला गेलं की दुसरं रुसतं, बोलायची. मी बोलली तुजं काय नाय बाई, एकत्र कुटुंबातली सून हाय ही गोनी. तर अशी हसली, ठसका लागला तिला.

आनि तिनंच मला टेबलावरनं उटवून पाडायच्या कामाला लावली. म्हंजे नवीन नमुन्याची गोनी भरायची, छातीएवढी उचलायची आनि लोखंडी पत्र्यावर पाडायची, आदी एका अंगावर, मंग दुसऱ्या, मंग उबी बुडावर. कितव्यांदा फुटली, कुठं फुटली, ते लिवायचं. मी मीठ वाहिलेली, मला उचलायचं काय नवल नाय, पन हळूहळू मला आवाज कळायला लागला. चांगली गोनी पडली का धप्प बोलते, दबकं. आतनं कागद सुटायला आला असंल ना, तर त्या धप्पच्या मागं एक बारीक चर्र असतं. मी बोलायची नसरीन, पुढच्याला ही जानार. आनि जायची. ती मशीनवर कागद ओढून बगायची आनि बोलायची मावशी, तुमचा कान आणि माझं मशीन एकच सांगतंय. शेठला वरती जाऊन सांगितलं तिनं, माज्यासमोर, का यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. आता कोन बोलतं असं. माजा नवरा पन कदी बोलला नाय.

पन शेठचा जीव कागदात नवता. त्याचा दुसरा धंदा प्लास्टिकच्या विनलेल्या गोन्यांचा, ती शिवायची गोनी, सोपं काम. एक दिवस त्यानं आमाला सगळ्यांना खाली बोलावलं आनि तोंडावर सांगितलं, कागदाला गिऱ्हाईक नाय, हे टेबल आता बंद करनार. आमी बाराजनी एकमेकींच्या तोंडाकडं बगायला लागलो. माजं सोडा, माजा नवरा कमावता, पन काशीचा मानूस अंथरुनाला खिळलेला, बाकीच्यांची पन तीच गत, या टेबलावरच चुली. तवा नसरीन पुढं झाली. बोलली शेठ, एक संधी द्या. आपटा गावाच्या अलीकडं एक कंपनी आहे, लाद्या चिकटवायची पावडर बनवते, त्यांच्या शिवलेल्या गोन्या गळतात, भरणारी माणसं पांढरी भुतं होतात, त्यांना मी दोन थरांची कागदाची गोणी देते, तीन थरांइतकी मजबूत, आणि शिलाई नाही. शेठ बोलला दोन थर? नाय टिकली तर? ही बोलली नाही टिकली तर टेबल बंद करा, आणि मी पण जाते. हे सगळं आमच्यासमोर बोलनं झालं.

मंग जे काम केलंय त्या पोरीनं! रोज नवीन नमुना, रोज मी पाडायची, रोज फुटायची. कदी बुडाची पट्टी सुटायची, कदी कोपरा जायचा. ती फाटलेली गोनी मांडीवर घेऊन बसायची, फाट कुठनं सुरू झाली ते बोटानं शोधत. कागद कोन्या अंगानं तानतो ते बगून तिनं नळी फिरवली, पट्टी रुंद केली, बुडाची घडी जरा तिरकी केली, म्हंजे भार एका जागी येनार नाय. आनि एक दिवस ती गोनी फुटंना. पाडली, पाडली, माजेच हात भरून आले, पन ती काय फुटंना, नुसती धप्प धप्प. नसरीननं मला मिठी मारली, पावडरसकट.

कंपनीत चाचनी ठरली सोमवारची. पन्नास गोन्या आमी हातानं केल्या, एकेक घडी अशी घातली जसं लग्नाचं लुगडं. शनिवारी दुपारी नसरीन कंपनीत बोलायला गेली होती आनि जाताना बोलली मावशी, गोण्या तुमच्या ताब्यात. दिवस पावसाचे, गोदामाच्या भिंतीला घाम आलेला, मी कागदाला हात लावला तर गारढोन. भिजलं का गेलं, हेच डोक्यात. आमच्याकडं छापलेल्या गोन्यांची शाई सुकवायची एक खोली हाय, गरम हवेची. मी काय केलं, पन्नासच्या पन्नास गोन्या तिथं दोरीवर पसरल्या आनि हवा चालू ठेवली, रविवारची सुट्टी, सोमवार सकाळपर्यंत. सकाळी काढल्या तर अशा खडखडीत, वाजत होत्या, मला आनंदच झाला. प्लास्टिकमदे तीन घड्या गुंडाळल्या, पावसाचा थेंब लागू दिला नाय, टेंपोत मांडीवर घेऊन बसली लेकरागत.

कंपनीत शेठ आलेला, तिकडचे दोन सायब, भरनारी मानसं, हमाल. भरताना सगळं झकास, तोंड आपलं आपन बंद, एक कन धूळ नाय, तिथला एक म्हातारा तोंडावरचा फडका सोडून बगायला लागला. मंग हमालानं गोनी उचलली आनि थप्पीवर टाकली. आनि ताई, ती मदोमद फुटली. बूड नाय, कोपरा नाय, पोटातच उबी फाटली. दुसरी टिकली, तिसरी गेली, चौथी गेली. मी आवाज ऐकत होती, धप्प नवतंच, काच तडकावी तसा आवाज. सगळीकडं पांढरा धुरळा, शेठ रुमाल तोंडाला लावून बाहेर गेला. नसरीन खाली बसली, एक फाटका तुकडा उचलून पिशवीत ठेवला आनि सायबांना बोलली, डिझाईन माझं आहे, चूक माझी आहे, मला पंधरा दिवस द्या. का कोन जाने, पन तो सायब हो बोलला. शेठ बोलला पंदरा दिवस, मंग कुलूप.

दुसऱ्या दिवशी तिनं तो तुकडा टेबलावर ठेवला आनि बाजूला आमच्या गोदामातला तोच कागद. दोन्ही दुमडले. गोदामातला गप दुमडला, हा दुमडल्याजागी कडकन मोडला. बोलली सगळ्यांना, रीळ एकच, मग या कागदातलं पाणी कुठं गेलं? कागदात थोडी ओल लागतेच, त्या ओलीवरच तो ताणतो, ती गेली की तो नुसता पापड. ती हे सगळ्यांना बोलत होती. मला कळलं. तिथल्या तिथं कळलं. आनि मी गप बसली.

हे लिवा तुमी, वगळू नका. दोन दिवस मी गप बसली. रात्री नवऱ्याला सांगितलं, तो बोलला कोनी बगितलंय का? नाय ना? मंग तोंड उगडू नको, उगाच तुजं पन जाईल. मी पन तेच मनाला सांगत होती. आनि तिकडं ती पोरगी कागदवाल्यांना फोन लावतेय, त्यांच्याशी वाद घालतेय, पुन्हा पुन्हा हिशेब मांडतेय, डोळ्यांखाली काळं. तिसऱ्या दिवशी जेवताना डबा उगडला नाय तिनं. बोलली दोन थरांत हे होणार नाही, माझंच चुकलं, तुमचं काम माझ्या हट्टापायी गेलं, मी उद्या शेठना सांगते आणि राजीनामा देते. शांत बोलली, रडली-बिडली नाय. माज्या तोंडात घास होता. मी तो डब्यात टाकला आनि बोलली नसरीन, गोन्या मी वाळवल्या. शाईच्या खोलीत. दीड दिवस.

काशी उटली अंगावर, बोलली मेले, आमच्या पोटावर पाय दिलास, आनि गप बसलीस? बरोबर बोलली, तिला माजा काय राग नाय. पन मी नसरीनकडं बगत होती. ती लाल झाली. तिला एवढी रागावलेली मी कदीच बगितली नाय, ना आदी ना नंतर. बोलली वाळवल्या त्याचं काही नाही मावशी, पण दोन दिवस? दोन दिवस मी स्वतःला मूर्ख समजतेय, आणि तुम्ही माझ्यासमोर जेवताय? मी ढसाढसा रडली. ती उटून बाहेर गेली. मला वाटलं संपलं. तर दहा मिनटानं आली, तोंड धुवून, हातात वही. माज्यासमोर बसली आनि डाक्टर इचारतो तसं इचारायला लागली, हवा कितीवर होती, दोरीवर उलट्या टांगल्या का सुलट्या, खिडकी उगडी का बंद. मी सगळं सांगितलं. मंग एकदम बोलली म्हणजे गोणी चांगली होती! बोलली मावशी, त्या कंपनीत रिकाम्या गोण्या कुठं ठेवतात, बघितलंत?

मी बगितलं होतं, पन मी सांगायच्या आदीच तिनं स्कूटर काढली आनि मला मागं बसवून नेली थेट. तिथं गोन्यांची खोली पत्र्याची, आनि भिंतीपलीकडं वाळू भाजायची भट्टी, त्या पावडरीत कोरडी वाळू लागते ना, ती दिवसरात्र चालू. नसरीननं भिंतीला हात लावला आनि काढला. माजा हात घेऊन लावला. चटका. बोलली मावशी, आपल्या गोण्या इथं महिना महिना पडून राहणार होत्या. त्या दिवशी पास झालो असतो तर हजारोंनी माल गेला असता, आणि मग कुणाच्या तरी डोक्यावर, पायावर फुटला असता. तुम्ही दीड दिवसात केलंत ते ही भिंत करणारच होती. मी बोलली म्हंजे मी चुकली नाय? बोलली चुकलात. गप बसलात ते चुकलात. असं सरळ बोलली. मला ते बरं वाटलं, खोटी माफी नको होती मला.

शेठकडं मी आपल्या पायानं गेली, तिनं सांगायच्या आदी सांगितलं, गोन्या मी नासवल्या. शेठ बोलला कल से मत आना. नसरीन माज्या मागं उबी होती, ती बोलली शेठ, गोणी कशी ठेवायची हे मी कुणाला लिहून दिलं नव्हतं, ते माझं काम होतं. आणि एखाद्या बाईनं मायेनं सांभाळली म्हणून जी गोणी फुटते, ती गोणीच कच्ची आहे, बाई नाही. आणि यांना काढलंत तर पाडणार कोण, तुम्ही? शेठला पोट सुटलेलं, तो गोनी काय उचलनार. जा काम करा बोलला.

राहिले दिवस अकरा. तिनं आतला थर बदलला, बारीक बारीक चुन्या पडलेला, सुरकुतलेला कागद आनला, ओढला का जरासा लांबतो, ओल गेली तरी लांबतो. खळ पातळ केली, घट्ट खळीनं कडा कडक होत होत्या, हे टेबलावरच्या बायकांनीच सांगितलं तिला. आनि मला काम दिलं वाळवायचं! मावशी, वाळवा, तुमच्या मिठागरात वाळवलं नसेल एवढं वाळवा. रोज संद्याकाळी मी गोन्या त्या खोलीत टांगायची आनि दीड दिवसानं, तिसऱ्या दिवशी सकाळी काढून पाडायची. काशी माज्याशी बोलत नवती, पन गोन्या भरायला मदतीला यायची, गपचूप. फुटल्या. पुन्हा फुटल्या. सातव्या दिवशी एक टिकली, आठव्या दिवशी चार.

दुसऱ्या चाचनीला आमी, काशी पन, पन्नास गोन्या खोलीतनं तशाच गरम गरम प्लास्टिकमदे बांदून नेल्या. तोच हमाल, मागच्या वेळी पांढरा झालेला, तो आदीच घुश्शात. नसरीन त्याला बोलली दादा, राग काढा. त्यानं पयली टाकली. धप्प. दुसरी, तिसरी, दहावी, धप्प, धप्प. सायब लोक जवळ आले. शेवटची त्यानं डोक्याच्या वर उचलली आनि एका कोपऱ्याला धरून फेकली, असं कोनी करत नाय, पन त्यानं केलं. मी डोळं मिटून घेतलं. नसरीनचा हात माज्या हातात, घामानं ओला. ती बोलली मावशी, कशी वाजली? मी बोलली चांगली वाजली गं पोरी. आनि मागनं काशीचा आवाज आला, हिरे, डोळं तरी उगड, पन्नासच्या पन्नास हायत. अकरा दिवसांनी पयल्यांदा माज्या नावानं बोलली ती.

आता टेबलावर बारा नाय, वीस जनी हायत. विचुंब्यात जिथं तिथं बांदकाम चाललंय, तिथं आमच्या गोन्या पडलेल्या असतात, मी येताजाता उलटी करून बूड बगतेच, एका वॉचमननं मला चोर समजून हाटकली, मी त्याला अर्दा तास गोनी समजावली, आता लांबनं बगितलं तरी पळतो. नसरीनचं लगीन झालं, ती मस्कतला हाय, तिथं पन गोन्याच काढते, मोठ्या कारखान्यात. जाताना आमच्या चाचनीच्या तक्त्यात एक ओळ घालून गेली, का प्रत्येक नवीन गोनी दीड दिवस वाळवून मंगच पाडायची, आनि त्या ओळीला नाव दिलं मावशी टेस्ट. मी भांडली तिच्याशी, बोलली माज्या चुकीला कशाला माजं नाव, जल्मभर लोक वाचतील. ती बोलली चुकीला नाही दिलं मावशी, तुम्ही सांगितलंत त्याला दिलंय. आता नवीन इंजिनेर आलाय, चांगला हाय, तो पयल्याच दिवशी इचारतो, ही मावशी टेस्ट कुठल्या पुस्तकातली? मी बोलली ह्या पुस्तकातली, आनि गोनी त्याच्या हातात दिली, बोलली उचल.

माजं वय झालं, खांदा दुकतो, शेठ बोलतो अजून एक वरीस ये. मी येते. नसरीनचा फोन येतो ईदला, गनपतीला, आदी माजी चौकशी, मंग कागदाची. तिला पोरगी झालीय, फोनवर दाखवते. माजी एकवीरा आई आनि तिचा अल्ला, दोघांनी मिळून तिला सांभाळावं, पायजे तर काम वाटून घ्यावं, एकानं घर बगावं, एकानं कारखाना, पन त्या पोरीला कुठं एकटं पडू देऊ नये. तिच्यावर कदी बालंट आलं, तर तिथं पन कोनीतरी उटून खरं बोलनारं असू दे, आनि दोन दिवस लावू देऊ नको त्याला.